सहाव्या संध्याकाळचा सौदा

आमच्या आळीत नाताळच्या आधीच्या नऊ संध्याकाळी बाळ येशू घरोघर जातो. घरोघर म्हणजे नऊ घरी. आळीत घरं एकोणचाळीस. उरलेल्या तीस घरांनी मन मोठं करावं अशी अपेक्षा असते. मी बारा वर्षं मन मोठं करायचा प्रयत्न केला. पण माझं मन स्वस्तातल्या सदऱ्यासारखं होतं, दर धुण्याला आणखी आकसायचं.

बाळ म्हणजे लाकडाची जुनी मूर्ती, हातभर लांब, एका हाताची दोन बोटं तुटलेली. तिन्हीसांजेला मास्तर ती पांढऱ्या टॉवेलात गुंडाळून घेऊन निघतात. मागून आळी गात चालते. त्या दिवशीच्या घरी माळेची प्रार्थना होते, गाणी होतात आणि शेवटी घरचा यजमान मूर्ती दोन्ही हातांत धरून उभा राहतो. एकेक माणूस येतो, वाकतो, बाळाच्या पायाचं चुंबन घेतो. यजमान रुमालाने पाय पुसतो, पुढचा येतो. मग चणे आणि कोरी कॉफी.

मला ती मूर्ती धरून उभं राहायचं होतं. एवढंच. त्यात भक्ती किती होती आणि सगळी आळी एकदा माझ्यासमोर वाकावी ही हौस किती होती, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं, तर मी खोटं बोललो असतो.

माझी बाजू मी आधीच सांगून टाकतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. माझा बाप दुसऱ्यांच्या केळीच्या वाड्यांत राबला. मी सायकलवर सुरुवात केली. निर्मळ गावच्या वाड्यांतून केळ्यांचे घड उचलायचे आणि आगाशीच्या बाजारात नेऊन विकायचे. सायकलचा टेम्पो झाला, कुडाच्या घराचं स्लॅबचं घर झालं. हे सगळं जिभेवर झालं. घड हातात घेऊन तोंड वाकडं करायची माझी पद्धत एवढी प्रसिद्ध होती की आळीतली पोरं तिची नक्कल करायची. लोक म्हणायचे, 'योसेफ आणि मरिया जागा शोधत होते तेव्हा हा बरोबर असता, तर गोठ्यावाल्याने वैतागून त्यांना आपलंच घर दिलं असतं.' मी ते कौतुक समजून हसायचो. कुडाच्या घरात होतो तेव्हा मला वाटायचं, आपल्याकडे जागा नाही म्हणून बाळ येत नाही. स्लॅब घातला, हॉलमध्ये लादी आली, तरी बाळ आला नाही. तेव्हा मला कारण कळलं. कारण मास्तर होते.

मास्तर म्हणजे आमच्या मराठी शाळेतले निवृत्त शिक्षक. तिसरीत मी त्यांच्या हातचा मार खाल्लेला. नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांच्या आगमनकाळात, पहिल्या रविवारी, देवळातली मिस्सा संपली की आळीच्या क्रुसापाशी चिठ्ठ्या काढतात. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एकोणचाळीस चिठ्ठ्या, आणि डबा मास्तरांच्या ताब्यात. दहाव्या वर्षी माझं डोकं फिरलं. नववी चिठ्ठी निघाली तसा मी पुढे झालो आणि डब्यावर हात ठेवला.

"मास्तर, यात माझ्या नावाची चिठ्ठी आहे का, ते बघायचंय."

"आहे."

"मला डोळ्यांनी बघायचीय."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "तिसरीत तुला गृहपाठ दाखव म्हटलं की पोटात दुखायचं. आता तू माझा तपासतोस?"

लोक हसले. मी डबा क्रुसाच्या पायरीवर उपडा केला आणि एकेक चिठ्ठी उलगडून मोठ्याने वाचायला लागलो. आठवी चिठ्ठी माझी निघाली. इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. पण घेतलेला माल मी तळापर्यंत तपासतो. एकविसावी चिठ्ठीही माझीच निघाली.

क्रुसापाशी एवढी शांतता मी गुड फ्रायडेलाही ऐकली नव्हती. मग कुणीतरी मागून म्हणालं, "व्यापारी माणूस. एकावर एक फुकट."

घरी आल्यावर बायको भांडी घासता घासता म्हणाली, "दुसरी मी टाकली होती. दर वर्षी तुमचं तोंड बघवत नव्हतं."

"मग मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही चार टाकल्या असत्या."

खरं होतं ते. पण मला लागलं ते वेगळंच. दोन चिठ्ठ्या असूनही मी निघालो नव्हतो.

बाराव्या वर्षी, म्हणजे नव्वदीचं दशक संपत आलं होतं त्या सुमाराला, सहावी संध्याकाळ काकीच्या नावाने निघाली. काकी आळीच्या टोकाला राहणारी विधवा बाई. दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे ओटा, अंगण आणि मागे राजेळी केळीची थोडी झाडं. आमचं नातं काही नाही. आळीत सगळेच तिला काकी म्हणत. बारा वर्षांत बाळ तिच्याकडे तिसऱ्यांदा चालला होता. तिसऱ्यांदा! मी रात्रभर कूस बदलत राहिलो आणि सकाळी ठरवलं, जे नशिबात निघत नाही ते सौद्यात निघतं का बघू.

दुपारी तिच्या अंगणात गेलो. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होतात, मधासारखी गोड. काकी मांडवावर पसरलेली केळी एकेक करून उलटत होती. सौद्याचा पहिला नियम, ज्यासाठी आलो त्याचं नाव काढायचं नाही.

"काकी, यंदा केळं बारीक दिसतंय."

"केळं आहे तेवढंच आहे. तुझी भूक वाढलीय. बस."

मी ओट्यावर बसलो. "सहावी संध्याकाळ तुमची ना? माणसं मावतील एवढ्याशा जागेत?"

"मागच्या वेळी मावली."

"तेव्हा कमी होती."

"तू रागावून घरी बसला होतास. तेवढंच एक माणूस कमी होतं."

मी पवित्रा बदलला. "नाही, तुमच्या गुडघ्यांचा विचार आला मनात. पन्नास माणसांची ऊठबस, कॉफी, भांडी..."

"गुडघे माझे आणि कळ तुला?" तिने एक केळं उचलून वास घेतला, परत ठेवलं. "सोंग करू नको. किती वर्षं झाली तुला?"

"बारा."

"मग घे."

"काय?"

"संध्याकाळ. बाळ तुझ्याकडे येऊ दे. माझं घर त्याला पाठ झालंय. तुला गरज जास्त आहे."

मला घाम फुटला. विकणारा पहिल्या बोलीला 'घे' म्हणाला की माल सडका असतो, हे मी सोळाव्या वर्षी शिकलो होतो. फुकट घ्यायची मला सवय नव्हती. फुकट घेतलेलं उद्या कुणी परत मागू शकतं. मी म्हणालो, घराची कौलं बदलून देतो. ती म्हणाली, कौलं पावसाळ्यात गळतात, आता डिसेंबर आहे. मी म्हणालो, अंगणाला कंपाउंड घालून देतो. ती म्हणाली, मग कोंबड्या कुठून येतील?

"तसं नाही काकी, काहीतरी घ्याच."

"तुला फुकटचं पचत नाही ना? मग ऐक." ती पहिल्यांदा हात थांबवून बोलली, पण नजर केळ्यांवरच होती. "बोलावणं करायला तू स्वतः जायचं. बायकोला पाठवायचं नाही."

ज्याच्या घरी बाळ येतो त्याने प्रत्येक घरी जाऊन तोंडाने बोलावणं करायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. "जाईन की. स्कूटरवर एका तासात उरकेल."

"चालत जायचं."

"एकोणचाळीस घरं?"

"सदतीस. तुझं आणि माझं सोडून. आणि जाऊन एकच वाक्य बोलायचं. आमच्याकडे बाळ येणार आहे, या. पुढे एक अक्षर नाही."

"बरं."

"आणि चणे नि कोरी कॉफी. दुसरं काही नाही."

इथे मी अडलो. माझ्या डोक्यात बिर्याणी होती. निदान वसईच्या बेकरीतला केक तरी. "काकी, लोक काय म्हणतील? स्लॅबचं घर आणि चणे?"

"चणे."

"बरं, चण्यात ओलं खोबरं?"

तिने थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. "घाल खोबरं."

मी तिथून छाती काढून निघालो. शेवटी काहीतरी माझ्या मनासारखं करून घेतलं होतं. जगात असा मूर्ख दुसरा कुणी असेल का, ज्याला एक अख्खी संध्याकाळ दान मिळाली आणि त्याला आनंद झाला तो खोबऱ्याचा?

बोलावण्याला तीन संध्याकाळी लागल्या. चालत जायची अट किती कपटी होती ते मला पहिल्याच दिवशी कळलं. स्कूटरवरून जाताना आळी म्हणजे दोन वळणं. चालत गेलं की प्रत्येक फाटक स्वतंत्र, प्रत्येक फाटकाशी एक भांडण उभं. इथे मी घड नाकारले होते. इथे बांधावरून वाजलं होतं. इथे लाउडस्पीकरवरून. मला माझं भांडखोरपण ठाऊक होतं, पण ते असं क्रमाने लावून कुणी दाखवलं नव्हतं.

दुसरंच घर माझ्या वर्गमित्राचं. त्याची केळीची वाडी आहे आणि वर्षानुवर्षं त्याचा माल मीच उचलत आलोय. तो पायरीवर बसून विळ्याला धार लावत होता.

"शेठ चालत? स्कूटर विकली काय?"

"आमच्याकडे बाळ येणार आहे, या."

"थांब, थांब. बस आधी." तो आत गेला आणि एक केळं घेऊन आला. "खाऊन बघ. वीस वर्षं तू याच्यावर डाग दाखवतोस. आज उजेड आहे, नीट शोधून दाखव."

मी केळं खाल्लं. गोड होतं. ते मला वीस वर्षं माहीत होतं.

"सहावी संध्याकाळ तर काकीची ना?" तो म्हणाला.

आता मी गप्प बसायचं होतं. तसं ठरलं होतं. पण सौदा जिंकून कुणाला न सांगणं म्हणजे जेवून हात न धुण्यासारखं. "होती," मी म्हणालो. "पटवलं म्हातारीला."

"काय दिलंस?"

"काही नाही रे. खोबऱ्यावर भागलं." आणि मी डोळा मारला.

तो हसला नाही. तेव्हा मला ते लक्षात आलं नाही. मी चौथ्या घरी पोचेपर्यंत बातमी सातव्या घरी पोचली होती, की याने खोबऱ्याच्या तुकड्यावर म्हातारीची संध्याकाळ लाटली. मला प्रत्येक घरी पाणी मिळालं, बसायला खुर्ची मिळाली. मी माझं वाक्य म्हणालो की लोक म्हणायचे, "बघू." "येऊ की, जमलं तर." मी आयुष्यभर बाजारात 'बघू' म्हणत आलोय. 'बघू' म्हणजे नाही, हे मला कळायला हवं होतं. मास्तरांनी तर फाटकापाशीच उभ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाक्य संपलं?" मी म्हणालो, संपलं. "छान," ते म्हणाले. "व्याकरण बरोबर आहे."

सहाव्या दिवशी मी माल उतरवायलाही गेलो नाही. गच्चीपासून फाटकापर्यंत दिव्यांची तोरणं लावली. फणसाएवढी चांदणी बांबूवर चढवली. साठ खुर्च्या भाड्याने आणल्या, अटीत खुर्च्यांबद्दल काही नव्हतं. बायकोने दोन मोठी पातेली चणे उकडले आणि मी स्वतः नारळ खवले. लादी दोनदा पुसून घेतली. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर दोन मेणबत्त्या, मधे बाळासाठी मऊ उशी. मी नवा पांढरा सदरा घातला आणि खिशात इस्त्रीचा रुमाल ठेवला, पाय पुसायला. आरशासमोर हात पुढे धरून उभा राहून पाहिलं. बायकोने दारातून बघितलं आणि परत चण्यांकडे गेली.

सातला काकी आली. लाल लुगडं, गळ्यात सोन्याची माळ, हातात बॅटरी. एकटीच.

"लोक कुठे आहेत?" तिने विचारलं.

"येतील. मास्तरांच्या मागे गात येतायत ना."

ती साठातल्या एका खुर्चीत बसली. पहिल्या रांगेत, मधोमध. मी फाटकापाशी गेलो, परत आलो. चांदणीभोवती किडे फिरत होते. सव्वासात झाले. मग वाऱ्याबरोबर गाणं ऐकू आलं. लांबून, केळीच्या वाडीच्या पलीकडून. मी कान दिला. गाणं जवळ यायला हवं होतं. ते येत नव्हतं. ते एका जागी उभं होतं.

"हे तर माझ्या घराकडून येतंय," काकी म्हणाली.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिने साठ खुर्च्या बघितल्या, काकीला बघितलं, मला बघितलं आणि तोंडावर पदर धरला. रडतेय असं मला वाटलं. ती हसत होती. "अहो, सगळी आळी हिच्या दारात, आणि ही एकटी आपल्या दारात!"

माझं काय झालं ते मी लिहीत नाही, कारण हे घरातल्या सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं. चणे गुरांना घाला म्हणालो, एवढं लिहितो. तोरणांची वायर उपटायला निघालो होतो. काकीने शांतपणे विचारलं, "तू कुणाला काय बोललास?"

मी खरं सांगितलं. पटवलं म्हणालो. खोबऱ्यावर भागलं म्हणालो.

"एकच वाक्य बोल म्हटलं होतं."

"हो."

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "चल. मी सांगते त्यांना, माझ्या खुशीने दिली म्हणून. बोलले ते बोलले. सौदा म्हणजे सौदा. घेऊन येऊ सगळ्यांना इकडे."

मला एकदम हुरूप आला. हे तर आणखी चांगलं होतं. सगळ्यांसमोर माझं खरं ठरणार आणि मग वरात मागे फिरून माझ्या घरी येणार. वाडीतल्या पायवाटेने ती बॅटरी धरून पुढे, मी मागे. मास्तरांना काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. बिस्किटाच्या डब्यापासून सुरुवात करणार होतो. चालता चालता दोन शब्द मोठ्याने निघून गेले असावेत, कारण काकी वळून न बघता म्हणाली, "खाली बघून चाल."

तिच्या अंगणाच्या कडेला आम्ही पोचलो. घराला कुलूप, किल्ली हिच्या कमरेला, त्यामुळे आत दिवा नाही. पण कुणीतरी अंगण झाडून घेतलं होतं. मांडवावरची सुकेळी नीट झाकून बाजूला केली होती. नारळाच्या करवंट्यांत मेणबत्त्या लावून ओट्याच्या कडेने मांडल्या होत्या. म्हातारे उपड्या टोपल्यांवर, पोत्यांवर, बायका जमिनीवर. मास्तर बंद दाराला टेकून ओट्यावर बसले होते. मांडीवर टॉवेलात बाळ. सगळे गात होते. बरं गात नव्हते, आमची आळी कधीच सुरात गात नाही. पण सगळे गात होते.

मी तोंड उघडलं आणि काकीकडे बघितलं, ती आधी बोलेल म्हणून.

सौद्यात समोरचा कुठे खोटं बोलतो हे मला चेहऱ्यावरून कळतं. माझं पोट त्यावर चालतं. 'विकायचंच नाही' म्हणणारा डोळ्याच्या कोपऱ्यातून तराजूकडे बघतो. 'नको मला' म्हणणारी बाई पिशवी घट्ट धरते. करवंट्यांच्या उजेडात काकीचा चेहरा मी बघितला. ती अंगणातली माणसं मोजत होती. ओठ दाबून धरले होते, तरी हसू गालापर्यंत आलंच होतं. पदराचं टोक मुठीत चुरगाळलं होतं. ज्या बाईला ही संध्याकाळ नको होती, तिचा हा चेहरा नव्हता. तिला ती हवी होती. त्या दुपारीही हवीच होती. म्हणून तर ती माझ्याकडे न बघता केळ्यांकडे बघून बोलत होती. आणि मी, केळ्याच्या सालीवरून आतला गर सांगणारा माणूस, तिच्याकडे बघितलंच नव्हतं. मी खोबरं मिळवत होतो.

गाणं संपलं. सगळे आमच्याकडे वळले. माझा वर्गमित्र पुढच्याच पोत्यावर बसला होता. तो म्हणाला, "आले बघा. आता सगळ्यांना उठवून न्यायला आलाय."

"ऐका," काकी म्हणाली, "मी माझ्या खुशीने..."

"उठू नका!" मी ओरडलो.

माझा आवाज मुळात मोठा. रागात तो फाटकाबाहेर जातो. मागच्या बाजूला एक मूल रडायला लागलं.

"कुणी उठायचं नाही! आहेत तिथे बसा! उठाल तर याद राखा! मी चणे इकडे आणतो!"

आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी सोडून दिलं, आणि ते शिवी दिल्यासारखं दिलं. लोक घाबरून बघत राहिले. मास्तरांनी चष्मा सावरला. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "हा भांडतोय की देतोय?"

"देतोय!" मी ओरडलो.

"मग मोठ्याने दे. मागे ऐकू आलं नाही."

हसण्याची अशी लाट उठली की तीन मेणबत्त्या विझल्या. मी रागाने लाल झालो होतो आणि मला हसू येत होतं. या दोन्ही गोष्टी एका तोंडात मावत नाहीत, त्यामुळे माझं तोंड कसं दिसत होतं ते देव जाणे. मी वळलो आणि पायवाटेने सुटलो. मागून पावलं ऐकू आली. वर्गमित्र होता.

"दोन पातेली आहेत ना? एकटा कसा आणशील, गाढवा?"

आम्ही पातेल्यांच्या कड्यांतून बांबू घातला. चांदणीचाच बांबू काढावा लागला, दुसरा लांब मिळाला नाही. दोघांच्या खांद्यावर बांबू, मधे चण्यांची पातेली हिंदकळत, मागे बायको कॉफीची किटली घेऊन. आपल्या खांद्यावर भार जास्त येतोय असं तो म्हणाला. मी म्हणालो, तुझी बाजू उताराची आहे. यावर वाडी संपेपर्यंत आमचं भांडण चाललं. खूप दिवसांनी कुणाशी तरी मजेत भांडलो.

काकीने दार उघडून दिवा लावला होता. माळ झाली. मी मागे, मांडवाच्या खांबापाशी गुडघ्यांवर होतो. खालचे खडे टोचत होते. माझ्या लादीवर असं कुणाला काही टोचलं नसतं, हाही विचार आला, नाही असं नाही. पण पन्नास माणसं एका श्वासात 'नमो मरिये' म्हणू लागली की त्यातला आपला आवाज वेगळा काढता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. मग सोडून दिलं.

शेवटी मूर्तीच्या चुंबनाची वेळ आली. मास्तर उठले आणि त्यांनी टॉवेल उलगडून बाळ काकीपुढे धरला. यजमान ती.

"माझे हात थरथरतात," काकी म्हणाली. "हा धरेल."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "नियमाने घरच्याने धरायचं असतं."

"घर माझं आहे ना? मग मी सांगते तो घरचा."

मूर्ती हातात आली. मला वाटलं होतं जड असेल. घडाच्या मानाने काहीच नव्हती. जुनं लाकूड, सुकून हलकं झालेलं. मी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला. पहिले मास्तर वाकले. तिसरीतल्या छड्या आठवून मला बरं वाटलं, मी ते लपवत नाही. मग वर्गमित्र वाकला. बांधावरून भांडलेला वाकला. लाउडस्पीकरवाला वाकला, त्याची बायको, त्यांची पोरं. मी एकेक मनात टिपत होतो, हा वाकला, हाही वाकला. दहा-बारा माणसांनंतर माझ्या लक्षात आलं की वर माझ्या तोंडाकडे कुणी बघतच नाहीये. डोकी येत होती, केसांतली फुलं, टकलं, खोबरेल तेलाचे वास. सगळ्यांची नजर त्या लाकडी पायांवर. माझ्या जागी खांब असता तरी चाललं असतं. एरवी एवढ्यावरून मी आठवडाभर अबोला धरला असता. त्या संध्याकाळी मात्र पाय पुसायचं काम इतकं होतं की राग धरायला हात मोकळा नव्हता.

हात भरून आले. रुमाल ओला झाला. रांग संपली, बायकोही येऊन गेली. तिने चुंबन घेतलं आणि जाता जाता माझ्या मनगटावर चिमटा काढला. राहिली काकी. ती वाकू शकत नव्हती, म्हणून मीच मूर्ती खाली तिच्या ओठांपर्यंत नेली. तिने डोळे मिटले. किती वेळ लावला ते मी मोजलं नाही.

मग तिने माझ्या हातातला रुमाल काढून घेतला, पदराच्या कोरड्या टोकाने बाळाचे पाय पुसले आणि म्हणाली, "आता तू. लवकर, चणे गार होतायत."

मी मूर्ती उचलून तोंडाजवळ आणली. नाक आधी आदळलं. त्या पायांना मेणाचा वास येत होता, तंबाखूचा येत होता, पावडरीचा येत होता, सगळ्या आळीचा येत होता.